एका टर्नला किती वर्षे?

सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा १९९१ साली आलेला संगणकीय खेळ इ.स.पू. ४००० मध्ये सुरू होतो आणि पहिली टर्न, म्हणजे खेळणाऱ्याची पाळी, संपवण्याचे बटण दाबताच वीस वर्षे निघून जातात. तेवढ्या काळात आपल्या पहिल्यावहिल्या वसाहतकऱ्यांची तुकडी नकाशावर बरोबर एक घर सरकलेली असते. शेजारच्या टेकडीपलीकडे काय आहे ते पाहायला एक अख्खी पिढी खर्ची पडली, याचे खेळणाऱ्याला काहीच वाटत नाही. त्याचे लक्ष पुढच्या घरावर असते. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या या खेळांतील राजे, शस्त्रे आणि वास्तू यांच्या खरेखोटेपणावर मनसोक्त वाद होतात, पण मला त्यातली सर्वांत धीट गोष्ट वाटते ती कोपऱ्यात निमूट बदलत राहणारी वर्षाची संख्या. एका टर्नला किती वर्षे द्यायची हे ठरवताना खेळ रचणारा माणूस इतिहासाबद्दलचे स्वतःचे मत नोंदवत असतो, आणि पुष्कळदा ते मत त्याने मुद्दाम मांडलेलेही नसते.

त्या पहिल्या खेळाचे पंचांग पाहण्यासारखे आहे. इ.स. १००० पर्यंत एका टर्नला वीस वर्षे, मग १५०० पर्यंत दहा, १७५० पर्यंत पाच, १८५० पर्यंत दोन आणि त्यानंतर एकेक वर्ष. म्हणजे पहिली पाच हजार वर्षे २५० टर्नमध्ये उरकतात, आणि पुढे पाचशे वर्षांना ५०, अडीचशे वर्षांना ५० आणि अवघ्या शंभर वर्षांनाही ५० टर्न मिळतात. यात गंमत अशी की, खेळणाऱ्याच्या घड्याळाचा प्रवाह नेमका उलट्या दिशेने वाहत असतो. सुरुवातीला हाती एखादे शहर आणि दोन तुकड्या असतात, त्यामुळे वीस वर्षे काही सेकंदांत संपतात. शेवटी वीसेक शहरे, आगगाड्या, आरमार आणि रुसलेले शेजारी सांभाळताना एका वर्षाला पाव तास सहज लागतो. तेव्हा हा खेळ काळ मोजतच नाही. तो निर्णय मोजतो. जिथे ठरवण्यासारखे थोडे, तिथे वर्षे पळतात. जिथे पुष्कळ, तिथे ती रेंगाळतात. आपली इतिहासाची पाठ्यपुस्तकेही याच चालीने चालतात, हे मान्य करायला हवे. अश्मयुगाला दोन पाने आणि एकोणिसाव्या शतकाला दहा प्रकरणे. फरक इतकाच की पाठ्यपुस्तकाला पुराव्यांची अडचण असते आणि खेळाला कंटाळ्याची.

हा खेळ मुळात टर्नचा नव्हताच, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९८९ च्या ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या खेळाच्या प्रभावाखाली मायर यांनी त्याचा पहिला नमुना सलग वाहत्या काळाचा केला होता. त्यात माणूस खेळण्यापेक्षा पाहतच अधिक बसतो, असे लक्षात आल्यावर त्यांनी टर्नची पद्धत घेतली. टर्न आली की जग आपल्यासाठी थांबते. खऱ्या राज्यकर्त्याला ही चैन कधीच मिळाली नाही. त्याला अपुऱ्या बातमीवर, घाईत आणि बहुधा चुकीच्या वेळी निर्णय घ्यावे लागले. टर्नच्या खेळात मात्र रात्री दोन वाजता चहा करून आणेपर्यंत शत्रूचे सैन्य जागच्या जागी उभे असते. ‘आणखी एक टर्न’ म्हणत पहाट करणारे लोक ज्या मोहाला बळी पडतात, तो सत्तेचा नसून या थांबलेल्या जगाचा मोह असावा, असा माझा तर्क आहे.

या लांबच लांब टर्नची किंमत माणसाला मोजावी लागते. वीस वर्षांच्या टर्नमध्ये राजाला मरू देणे परवडत नाही, म्हणून अलेक्झांडर आणि गांधी सहा हजार वर्षे त्याच चेहऱ्याने सिंहासनावर बसून राहतात. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या चौथ्या भागाचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी पुढे ‘ओल्ड वर्ल्ड’ हा खेळ केला, त्यात एक टर्न म्हणजे एक वर्ष. राजा म्हातारा होतो, मरतो, गादीवर वारस येतो आणि तो वडिलांइतका शहाणा निघेलच असे नाही. शिवाय प्रत्येक तुकडीला दर टर्नला एक चाल असा हिशेब तिथे नाही. साऱ्या राज्याला मिळून ठरावीक हुकूम मिळतात. ते एकाच फौजेवर उधळा किंवा सगळीकडे पुरवून वापरा. राजाची सर्वांत दुर्मीळ वस्तू सोने नसून त्याचे लक्ष आहे, ही गोष्ट इतक्या साध्या नियमात बसवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या २०२५ मधील सातव्या भागाने आणखी वेगळी वाट धरली. काळाचे तीन युगांत तुकडे केले आणि युग बदलले की नेता तोच ठेवून राष्ट्र बदलायचे, असे ठरवले. भारताच्या बाबतीत मौर्य, मग चोळ, मग मुघल अशी साखळी होते. मुघल आधुनिक युगात पाहून मराठी वाचकाची भुवई वर जाईल. ज्या मुघल बादशहाला १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेच्या बळावर दिल्लीत परतता आले, त्याच्या घराण्याने आधुनिक युग गाजवायचे म्हणजे जरा मौजच आहे.

मराठे खेळायला मिळतात ते २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये. हा खेळ १७०० मध्ये सुरू होतो, १७९९ पर्यंत जाऊ शकतो आणि वर्षाला दोन टर्न देतो: एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. युरोपात बर्फ पडले की फौजा तळ ठोकून बसतात, त्या जगाला ही विभागणी शोभते. दख्खनचे लष्करी वर्ष मात्र पावसाने कापलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचे आणि नद्या फुगण्याआधी परतायचे किंवा छावणी करायची. उन्हाळा आणि हिवाळा यांच्या जोडीत पावसाळ्याला जागाच नाही.

याने किती फरक पडतो ते पानिपताच्या मोहिमेवर ताडून पाहावे. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये उत्तरेकडे निघाले आणि १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झाले. ‘सिव्हिलायझेशन’च्या पंचांगात ही सगळी मोहीम दोन वर्षांच्या एकाच टर्नमध्ये गडप होते, तर ‘एम्पायर’मध्ये ती दोन टर्नमध्ये आटोपते. ‘एम्पायर’मध्ये लढाई सुरू झाली की काळ सलग वाहू लागतो, त्यामुळे १४ जानेवारीचा दिवस तासातासाने लढता येईल, तोफा कुठे ठेवायच्या तेही ठरवता येईल. परंतु त्या दिवसाचा निकाल ज्या गोष्टींनी घडवला, त्या आधीच्या काळात आहेत: पावसाळ्यात दुथडी वाहणारी यमुना, ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ ती ओलांडून आलेला अब्दाली, आणि त्यानंतर अडीच महिने समोरासमोर बसलेल्या दोन फौजांपैकी एकीची तुटलेली रसद. उपाशी राहायचे, वाटाघाटी करायच्या, की कोंडी फोडून निघायचे, हा भाऊंपुढचा प्रश्न रोज अधिक बिकट होत गेला. सहा महिन्यांच्या टर्नमध्ये तो विचारताच येत नाही. खेळणारा फार तर चांगला सेनापती ठरू शकतो, कारण शहाणपण दाखवण्याची संधी त्याला फक्त रणांगणावर दिलेली आहे.

यावर पंधरवड्याची टर्न हा उपाय सुचतो. शुद्ध पक्ष, वद्य पक्ष, आषाढ लागला की वाटा बंद, दसरा आला की खुल्या. धान्याचा हिशेब तिथीवार ठेवता येईल. पण वर्षाला चोवीस या दराने अठराव्या शतकाच्या चोवीसशे टर्न होतात, आणि एवढ्या टर्न शेवटपर्यंत खेळणारा माणूस मिळणे कठीण. म्हणजे शतकाचा खेळ वेगळा आणि त्या दहा महिन्यांचा वेगळा करावा लागेल. दोन्ही तयार झाले, तर मी दहा महिन्यांचा आधी खेळायला घेईन.