साइडबॉटम हे काय आडनाव झालं?

मी मँचेस्टरजवळ राहते, त्यामुळे क्रिकेटवाली मित्रमंडळी कधी ना कधी विचारतातच, की तो इंग्लंडचा क्रिकेटपटू रायन साइडबॉटम, त्याचं आडनाव खरंच तेच आहे का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. खरंच तेच आहे, वडील आर्नी साइडबॉटमही इंग्लंडकडून एक टेस्ट खेळलेत, 1985 मध्ये, आणि त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉल.

तर बॉटम म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये खोरं, डोंगरामधली सखल जागा. लँकशायर-चेशायरच्या डोंगराळ भागात अशी खोरी पावलापावलावर, आणि जो जिथे राहायचा ते त्याला चिकटलं. साइडबॉटम म्हणजे रुंद खोऱ्यातला. शफलबॉटम या आडनावात मेंढ्यांचा झरा आहे, बोलून बोलून त्याचं हे असं झालंय. रॅम्सबॉटम तर आजही गाव आहे, आयर्वेल नदीकाठी. नावात एडका आहे की रानलसूण यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही, पण एप्रिल-मेमध्ये तिथल्या झाडीत चाला, सगळीकडे पांढरी फुलं आणि पान पायाखाली आलं की थेट लसूण ठेचल्याचा वास, त्यामुळे माझं मत लसणाला.

घोळ झाला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, बॉटमला आज आपण हसतो तो अर्थ चिकटला, आपलं बूड कसं भांड्याचंही असतं आणि माणसाचंही, तसंच. आडनावं तोवर कधीच पक्की झालेली! मग काहींनी स्पेलिंग बदलून साइडबोथम केलं, काही तर सिडी-बो-टाम असा उच्चार करायला लावतात, मला ते जरा अतीच वाटतं. गंमत म्हणजे इंग्लंडचाच क्रिकेटपटू इयन बोथम, त्याचं आडनावही बहुधा त्याच खोऱ्यातून आलंय, पण त्याला कुणी हसत नाही.

आणि चेन्नईचं हिगिनबोथम्स, 1844 पासूनचं पुस्तकांचं दुकान, साउथच्या रेल्वे स्टेशनांवर ज्यांचे स्टॉल असायचे ते? किंवा अलाहाबादचं शेतकी कॉलेज काढणारे सॅम हिगिनबॉटम? ते आडनाव बोल्टनजवळच्या ओकनबॉटमवरून आलंय असं मानतात, म्हणजे ओकच्या झाडांचं खोरं.