लांबुडक्या सिट्रोनेलाची छाटणी, दसरा ते संक्रांत

मंडळी, कुंडीतल्या सिट्रोनेलाची छाटणी कधी कराची हे बरेच जण विचारतात, तर माझं उत्तर पक्कं आहे, पाऊस गेला की लगेच, दसरा-दिवाळीच्या दरम्यान. यूट्यूबवर सगळे सांगतात की वसंतात छाटा. ते थंड मुलखासाठी बरोबर आहे, तिथं वसंतानंतर वाढीचे दिवस येतात. आपल्या विदर्भात वसंतानंतर उन्हाळा येतो राजेहो, होळी झाली की पारा ४० कडे निघतो अन् मे मध्ये ४५ च्या वर जातो, त्यात नुकती फुटलेली कोवळी पानं टिकतीलच कशी.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. मी बोलतेय ते नर्सरीत मच्छर प्लांट म्हणून मिळणारं, फाटक्या-कातरलेल्या लवदार पानांचं, लिंबासारख्या वासाचं झाड. हे पेलार्गोनियम आहे, जिरेनियमच्या घरातलं. ज्याचं तेल निघतं ते खरं सिट्रोनेला म्हणजे गवत, आपल्या गवती चहाचं भावंड, त्याची कापणी एकदम वेगळी, जमिनीपासून वीतभर ठेवून आख्खा ठोंब कापला तरी चालतो. या पेलार्गोनियमला तसं कापलं तर मेलंच समजा.

पेलार्गोनियमचं मूळ गाव दक्षिण आफ्रिका, या कुळातली बरीचशी झाडं तिकडच्या केप भागातली, जिथं पाऊस हिवाळ्यात पडतो अन् उन्हाळा कोरडा जातो. म्हणून याला गार हवा अन् कोवळं ऊन आवडतं, अन् आपल्या मोर्शी-वरूड पट्ट्यात तसे दिवस ऑक्टोबर संपता संपता सुरू होतात ते फेब्रुवारीपर्यंत. सगळं काम तेवढ्यातच बसवायचं.

आता झाडाची हकीकत. पावसाळाभर कुंडी पडवीत होती, कारण उघड्यावर ठेवली की पाणी साचून खोड सडतं, पण पडवीत उजेड कमी, मंग फांद्या उजेडाकडे धावत सुटतात. दसऱ्यापर्यंत हातभर लांब फांद्या झाल्या होत्या, खालून पार उघड्या अन् टोकावर तेवढा पानांचा झुपका, दोन तर कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होत्या. असं झाड दिसलं की लोक युरिया टाकतात, कृपा करून टाकू नका, नत्राने ते अजून उंच अन् पोचट होतं.

दसऱ्यानंतर उघडीप पक्की झाली तेव्हा पहिली छाटणी केली. आमचे भाऊजी संत्र्याची बाग पाहतात, दरवर्षी सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या काढायचं काम त्यांच्याच हातचं, त्यांचाच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री मागून घेतला. ते म्हणाले, "वयनी, सल अन् हिरवी फांदी एक नोका समजू, वाळलेलं बिनधास्त काढा, हिरव्याले मात्र पानं ठेवूनच कापा." अन् हे या झाडाला तंतोतंत लागू आहे. जुनं तपकिरी लाकूड झालेल्या, एकही पान नसलेल्या भागातून फूट येईलच याचा भरवसा नसतो, आली तरी फार उशिरा. म्हणून प्रत्येक फांदीवर खाली कुठं हिरवा डोळा (जिथून नवी फूट येते ती जागा) किंवा बारकं पान आहे ते बोटाने चाचपलं, अन् त्याच्या जरासं वर, तिरपा काप दिला. सगळ्या फांद्या एकाच दिवशी नाही कापल्या. निम्म्या कापल्या, निम्म्या तशाच पानांसकट ठेवल्या, कारण मुळांना पोसायला पानं पाहिजेतच. सिकेटर आधी स्पिरिटने पुसून घेतला. बागेतला सिकेटर असेल तर हे कराच, संत्र्याच्या फांद्यांवर चाललेलं पातं तसंच कुंडीत वापरू नये. कापावर काहीच लावलं नाही, फक्त चार-पाच दिवस वरून पाणी पडू दिलं नाही, काप आपोआप सुकून बंद होतात.

कापलेले शेंडे फेकाचे नाहीत! माझ्या मते छाटणीचा अर्धा फायदा यातच आहे. चार ते सहा इंचाचे तुकडे, खालचा काप डोळ्याच्या बरोबर खाली, वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढायची, अन् पानाच्या बुडाशी कागदासारखी बारीक उपपर्णं असतात ती पण नखाने काढायची, कारण सड तिथूनच सुरू होते. मंग सावलीत काही तास तसेच ठेवून कापाला सुकू द्यायचं. गुलाबाच्या कलमावर घालतो तशी पन्नी यावर घालायची नाही, लवदार पानांना कोंदट हवा सोसत नाही. वर्धा नदीची जाडी रेती अन् कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं-अर्धं घेतलं, काळ्या मातीचा कणही नाही, कारण आपली काळी माती पाणी धरून बसते अन् कलमाचं बूड काळं पडतं. त्या रोगाला ब्लॅकलेग म्हणतात, तो मातीतल्या पिथियम बुरशीने होतो, अन् एकदा बूड काळं पडलं की ते कलम काढून लांब टाकायचं, शेजारच्याला लागायच्या आत.

दिवाळीच्या सुमारास मोठ्या झाडाच्या कापलेल्या फांद्यांवर बारीक हिरव्या गाठी दिसल्या, पहिल्यांदा कापाच्या अगदी खालच्या डोळ्यातून, नंतर त्याच्याही खाली. ही खूण दिसली की उरलेल्या निम्म्या फांद्यांचा नंबर. त्याही कापल्या. झाड दोन आठवडे केविलवाणं दिसतं, पण घाबरायचं नाही, पाणी मात्र कमी करायचं, कारण पानं कमी म्हणजे पाण्याची ओढही कमी, माती बोटभर सुकल्याशिवाय देऊच नका. कुंडी पडवीतून काढून अंगणात पूर्वेला ठेवली, सकाळपासून दुपारपर्यंत ऊन. हे झालं नाही तर छाटणी वाया, नवी फूट परत लांबुडकीच होणार.

नंतरचं काम सगळं बोटांचं. नवी फूट चार-पाच पानांची झाली की शेंडा खुडायचा. आपल्याकडे हरभरा वीतभर झाला की बाया शेंडे खुडतात, भाजीही होते अन् झाडाला फुटवेही येतात, तेच तत्त्व. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की दाब गेला अन् एकाच्या दोन फांद्या होतात. डिसेंबरभर येता-जाता हेच केलं. हाताला जो वास राहतो ना, त्याच्यासाठी तरी हे झाड पाळावं.

वासावरून आठवलं, मच्छर. झाड नुसतं कोपऱ्यात ठेवून मच्छर पळत नाहीत, अमेरिकेत फ्लोरिडात १९९४ सालीच याची चाचणी झाली अन् काही फरक पडला नाही. मच्छरदाणी लावाच. अन् घरात कुत्रं-मांजर असेल तर छाटलेला पाला त्यांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांच्या पोटाला तो बाधतो.

संक्रांतीची स्थिती अशी की झाड आता जेवढं उंच तेवढंच रुंद आहे, माती वरून दिसत नाही, पानं आधीपेक्षा लहान पण गच्च. कलमं बहुतेक सगळी लागली, हलकं ओढून पाहिलं तर पकड जाणवते. आता ती एक भाग मळ्याची माती, एक भाग रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत अशा मिश्रणात वेगवेगळ्या कुंड्यांमध्ये जातील. महाशिवरात्रीनंतर मोठ्या झाडाला सिकेटर लावणार नाही, फक्त पिवळी पानं काढेन. मार्चपासून हिरव्या नेटखाली, एप्रिल-मे मध्ये माठाजवळच्या गार सावलीत, अन् एक-दोन कलमं माहेरी चिखलदऱ्याच्या बाजूला पाठवणार आहे, तिकडे मेळघाटात हवा थंड असते, इकडचं मोठं झाड उन्हाळ्यात गेलंच तर दसऱ्याला तिकडून परत कलमं आणता येतील.