दोन निकाल आणि मधे अडकलेल्या लेकी

वाटपाच्या दाव्यात वकील युक्तिवादाला उभे राहिले की सायटेशन देतात, म्हणजे तसल्याच भांडणात सुप्रीम कोर्टाने नाहीतर हायकोर्टाने आधी दिलेला निकाल. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात हे रोजचंच. मागे बसलेल्या पक्षकाराला कळत नाही की आमची जमीन मुळशीतली आणि हे कर्नाटकातल्या कुटुंबाचं काय वाचतायत.

पण ते वाचावंच लागतं, कारण घटनेच्या कलम 141 प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो, आणि मला ही पद्धत मनापासून पटते. जज बदलला, तालुका बदलला म्हणून कायदा बदलायला नको. शिवाय संसद काहीच करत नाही तेव्हा निकालच उपयोगी पडतो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल 1997 च्या विशाखा निकालाने नियम घालून दिले आणि कायदा आला थेट 2013 मधे, मधली सगळी वर्षं बायकांना आधार होता तो त्या निकालाचाच.

मला खरा त्रास होतो तो लेकींच्या हिश्श्याचं जे झालं त्याचा. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क आला. मग वडील त्याआधीच वारले असतील तर? 2015 मधे फुलवती केसमधे दोन जजेसच्या बेंचने सांगितलं की त्या तारखेला वडील आणि मुलगी दोघंही हयात पाहिजेत. 2018 मधे दानम्मा केसमधे, परत दोनच जजेस, वडील 2001 लाच वारलेले तरी मुलींना हिस्सा मिळाला. आता खालच्या कोर्टाने कुणाचं ऐकायचं, दोन्ही निकाल सुप्रीम कोर्टाचेच, बेंच सारख्याच ताकदीचे, भावाचा वकील फुलवती पुढे करणार आणि बहिणीचा दानम्मा, आणि तारखा पडत राहणार. तिकडे जमिनीचे भाव वाढतात, माहेरचं बोलणं बंद होतं, आणि बहीण थकून हक्कसोडपत्रावर सही करते. शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला विनिता शर्मा केसमधे तीन जजेसनी सांगितलं की हक्क जन्मानेच आहे, 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही. कायदा बदलून तेव्हा जवळजवळ 15 वर्षं झाली होती!

चुकीचा निकाल बंधनकारक ठरला तर अजूनच वाईट. आणीबाणीत खटल्याशिवाय डांबलेली माणसं सुटकेसाठी कोर्टात दाद मागू शकतात असे निकाल नऊ हायकोर्टांनी दिले होते, 1976 मधे एडीएम जबलपूर केसमधे सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 ने ते सगळे पुसून टाकले, विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. तो निकाल उघडपणे रद्द ठरवला गेला 2017 मधे, खाजगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी केसमधे.

म्हणून मला वाटतं, दोन सारख्या बेंचचे निकाल एकमेकांना छेद देतायत हे दिसलं की प्रकरण लगेच मोठ्या बेंचकडे गेलंच पाहिजे, आणि त्याला मुदतही हवी. जुने निकाल मानायचे तर ते एका सुरात तरी असू देत.

आणि ज्या बहिणींचे दावे किंवा अपील अजून चालू आहेत त्यांनी वकिलांना दोन गोष्टी नक्की विचारा, विनिता शर्माचा निकाल रेकॉर्डवर दिलाय का, आणि 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर्ड वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालं होतं का, कारण तसं झालेलं असेल तर ते वाटप उघडता येत नाही. नुसत्या तोंडी वाटणीच्या गोष्टीवर गप्प बसू नका, ती सिद्ध करायला भावाकडे भक्कम सरकारी कागद लागतो.