येत्या आठवड्याची थंडी आणि आमच्या द्राक्षबागेतला खोलगट कोपरा

आज पहाटे साडेसहाला बांधावरच्या थर्मामीटरने ८.४ अंश दाखवले आणि खालच्या कोपऱ्यातल्या थर्मामीटरने ५.१. दोन्हींमध्ये अंतर फार तर दीडशे पावलांचे, उतार तर डोळ्याला जाणवतही नाही. पण वरून खाली चालत गेले की एका ठरावीक ओळीपाशी गार हवा घोट्यांना लागते. पाण्यात पाऊल टाकावे तशी. पुढच्या ओळीत ती गुडघ्यापर्यंत येते.

गेल्या आठवड्यात असे काहीच नव्हते. वारा पूर्वेचा होता, आभाळ भरून यायचे, रात्रीचा पारा पंधराच्या खाली उतरत नव्हता आणि आम्ही भुरीच्या, म्हणजे वेलीवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीच्या धास्तीने फवारणीच्या मागे होतो. शनिवारी संध्याकाळी अंगणात बसलेले नाना एकदम म्हणाले, "अगं, धूर बघ कुठे चाललाय." शेजारच्या मळ्यातल्या चुलीचा धूर दक्षिणेकडे वाकला होता. वारा फिरला होता. नाना म्हणजे माझे सासरे, ते अजूनही मोबाईलच्या आधी धूर बघतात, आणि मीही आता तेच करते.

वारा फिरण्याचे कारण इथून फार लांब असते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात हिवाळ्यात एकामागून एक हिमालयावरून सरकत जातात. ते येतात तेव्हा काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, आणि आपल्याकडे उलट थंडी कमी होते, कारण तेवढ्या काळापुरता उत्तरेचा वारा अडतो. चक्रावात पूर्वेला निघून गेला, आभाळ निवळले, की तिकडची कोरडी गार हवा राजस्थान, मध्य प्रदेशावरून खाली यायला मोकळी होते. आधी धुळे-जळगावला हुडहुडी भरते, मग ती आपल्या निफाडला येते. म्हणून उत्तरेतल्या बर्फवृष्टीची बातमी दिसली की मी लगेच घाबरत नाही, पण पुढचे तीन-चार दिवस थर्मामीटर जास्त वेळा बघते.

या आठवड्याचा माझा अंदाज असा. आज सोमवारपासून गुरुवारपर्यंत रात्री निरभ्र, वारा उत्तरेचा आणि सूर्य बुडाल्यावर जवळजवळ बंद. बांधावर ७ ते ८, खोलगट भागात ४ ते ५. दिवसा मात्र २७-२८ पर्यंत चढेल. शुक्रवारनंतर वारा हळूहळू पूर्वेकडे वळेल, हवेत ओल वाढेल, आणि शनिवार-रविवारच्या रात्री ११ ते १३ वर येतील. पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाच्या बाजूला धुके जास्त असेल. पाऊस मला दिसत नाही. पहिल्या चार रात्रींबद्दल मी ठाम आहे, शनिवार-रविवारबद्दल तेवढी नाही.

आता आकड्यांविषयी, कारण दरवर्षी यावरूनच गोंधळ होतो. हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी घसरले असेल, तर ती थंडीची लाट. घसरण त्याहून मोठी असेल तर तीव्र लाट. पारा थेट ४ किंवा त्याखाली गेला तरी लाट धरतात, २ किंवा त्याखाली गेला तर तीव्र. म्हणजे 'लाट नाही' असे वाचले तरी बागेला धोका नाही असे होत नाही. तो निकष सगळ्या प्रदेशासाठी आहे, आपल्या ओळींसाठी नाही.

शिवाय हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. बातम्यांत 'निफाडचा पारा' म्हणून येतो तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. तो अचूकच असतो, पण तो कुंदेवाडीचा. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आभाळात सोडते, जमिनीलगतची हवा आधी गारठते, जड होते आणि पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते. महाबळेश्वर एवढे उंचावर, तरी कित्येकदा तिथला पारा निफाडपेक्षा वर असतो, तो यामुळेच. तिथली गार हवा उतारावरून निसटते, आणि त्याच महाबळेश्वरात खाली वेण्णा तलावाकाठी पहाटे हिमकण दिसतात. आभाळ असले की ते गोधडीसारखे वर राहते, वारा असला की हवा ढवळते. दोन्ही नसले की खोलगट भागाचे हाल.

आमची ऑक्टोबर छाटणी पहिल्या आठवड्यातली, त्यामुळे मण्यांत आता पाणी उतरायला लागलेय. घड हातात घेतला की कालपर्यंत टणक असलेले मणी बोटाखाली किंचित दबतात आणि उन्हात धरले की आतल्या बिया सावलीसारख्या दिसतात. या अवस्थेत मला ४ अंशांपेक्षा ४ आणि २८ मधल्या दरीची काळजी जास्त वाटते. पांढऱ्या वाणांत या तफावतीने मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल बाजूला पडतो. म्हणून आम्ही घडांना झाकायचे पेपर गेल्याच आठवड्यात लावून घेतले. ज्यांचे राहिलेत आणि पाणी अजून उतरलेले नाही, त्यांनी आज-उद्यात लावावेत. उशिराच्या छाटणीच्या बागांत मण्यांची फुगवण मंदावेल. संजीवके, म्हणजे वाढीची औषधे, वाढवून ती ओढायचा प्रयत्न करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे भय तडकण्याचे. दोन वर्षांपूर्वी अशाच थंडीत आम्ही खालच्या कोपऱ्यात रात्रभर ठिबक चालू ठेवले. ओली जमीन ऊब धरून ठेवते, हे खरेच आहे. पाने वाचली. पण चौथ्या दिवशी पेपर उघडला तर देठाजवळ मणी चिरलेले, चिरेवर रसाचा थेंब आणि त्यावर माश्या. थंडीत वेल पानांतून पाणी टाकत नाही, मुळे मात्र देत राहतात, आणि ते जाते कुठे, तर मण्यात. नव्वद-शंभर वेली हातच्या गेल्या. तो कोपरा बघायला मी दोन दिवस गेले नव्हते.

म्हणून आता दुपारी थोडे, पहाटे थोडे. पहाटे चारला विहिरीची मोटर लावायची, तासभर, त्याहून जास्त नाही. नानांचे म्हणणे असते, "दोन तास दे, रान भिजलं पाहिजे." मी म्हणते, "नाना, रान भिजवायचं नाही, नुसतं ओलसर ठेवायचंय." गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी हे मान्य केलेय. विहिरीचे पाणी त्या वेळी हाताला चक्क कोमट लागते, आणि नळीच्या तोंडाशी वाफ दिसते.

शेकोट्याही पेटवायच्या, पण एक मोठा जाळ करून उपयोग नाही. त्याची ऊब सरळ वर निघून जाते. काडीकचऱ्याचे छोटे ढीग, जवळजवळ, खोलगट भागाच्या कडेने. पुष्कळजण धुरासाठी ओला पाला टाकतात. धुराने डोळे चुरचुरतात, ऊब फारशी थांबत नाही. हलकी, पसरलेली आच हवा ढवळते, काम ती करते.

शेजारच्या रानातल्या गव्हाला आणि हरभऱ्याला हीच थंडी मानवते आहे. गव्हाचा रंग दोन दिवसांत बदललाय.

शनिवारपासून ओल वाढली की भुरी पुन्हा डोके वर काढेल, तेव्हा पेपर लावलेल्या घडांतही अधूनमधून दोन-चार उघडून आत बघा. उद्या मंगळवार, म्हणजे विभागाचा कृषी हवामान सल्ला येईल. तो आणि शुक्रवारचा, दोन्ही वाचा, आणि आपल्या बागेत सगळ्यात खालच्या जागी एक साधा थर्मामीटर घडाच्या उंचीवर टांगा. माझा सुतळीने तारेला बांधलाय.

आत्ता संध्याकाळचे साडेसात झालेत. आभाळ स्वच्छ आहे, चुलीचा धूर सरळ वर चाललाय. नानांनी कोपऱ्यात अकरा ढीग रचून ठेवलेत. मी चारचा गजर लावलाय.