तुम्ही विचारलंत म्हणून: फाइव्ह-जी कुणाचं घ्यावं?

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात बरीच वर्षं टॉवरची कामं केली, त्यामुळं गावी गेलो की पारावर हाच प्रश्न येतो: "भाऊ, फाइव्ह-जी कुणाचं चांगलं?" मी आधी विचारतो, घर कसलं आहे?

माळवदाचं असेल तर भिंती हातभर रुंद, वर पांढऱ्या मातीचा थर. फाइव्ह-जीची ३३०० मेगाहर्ट्‌झची लहर भरपूर डेटा वाहते, पण अशा भिंतीत जिरते. ७०० मेगाहर्ट्‌झची लांबवर जाते, आतही शिरते. वेग मात्र कमी. सरकारनं २०२२ मध्ये या लहरींचा लिलाव केला, त्यात ७०० जिओनं घेतलं, एअरटेलनं नाही. जिओनं फाइव्ह-जीचा गाभाच, म्हणजे नेटवर्क चालवणारी मधली यंत्रणाच, वेगळी उभारली. एअरटेलनं सुरुवातीला ते फोर-जीवर चढवलं. त्यात खर्च वाचतो, काम लवकर होतं. पण जिथं फोर-जीच डळमळतं, तिथं वरचंही डळमळणार.

यंत्रं कुणाची घ्यायची, हाही मोठा निर्णय. नोकिया आणि एरिक्सन या परदेशी कंपन्यांची यंत्रं जिओ आणि एअरटेल दोघींकडंही आहेत. बीएसएनएलनं मात्र फोर-जीसाठी टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांचं देशी तंत्र धरलं, आणि देशभरातलं उद्‌घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. या उशिरानं गावोगावची माणसं वैतागून दुसरीकडं गेली, ते मला फार लागलं. तरीही तो निर्णय बरोबरच होता असं मी म्हणतो. यंत्राची विद्या आपल्या हातात असेल, तर दुरुस्तीसाठी परक्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

निवड चुकली की भोगतं कोण, ते आमच्या घरानं पाहिलंय. २००३ साली पाचशे एक रुपये भरून दादांनी सीडीएमए नावाच्या तेव्हाच्या तंत्रावर चालणारा मोबाइल फोन आणला. शेतातून बाजारभाव विचारता येतो याचंच त्यांना केवढं अप्रूप! पुढं कंपनीनं ते तंत्र सोडलं. फोन धडधाकट होता, पण त्यात दुसरं सिम घालायची सोयच नव्हती. दादांनी तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

म्हणून जाहिरातीतला वेग बघू नका. शेजाऱ्याचा फोन मागून आणा, मधल्या खोलीत जा, दार लावा आणि कॉल करून बघा. लाईट जाऊन तीन-चार तास झाले की पुन्हा करा; टॉवरची बॅटरी किती तग धरते ते तेव्हाच कळतं.