छोट्या मैदानावरचे लॅक्रॉस : इंदूरच्या काळ्या मातीवरील सरावाची नोंद

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळीदार तोंड असलेल्या स्टिकने चेंडू झेलण्याचा, नेण्याचा आणि गोलात फेकण्याचा खेळ. आमच्या गटाने त्याची छोट्या मैदानासाठीची चौकट आता पक्की केली आहे. प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात, मैदान साधारण 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद आखले जाते, चेंडू पोकळ आणि मऊ असतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला किंवा स्टिकला धक्का लावण्यास पूर्ण मनाई असते. ही चौकट मुख्यतः इंटरक्रॉसची, म्हणजे कॅनडातील क्वेबेक प्रांतात 1980 च्या दशकात रुजलेल्या लॅक्रॉसच्या प्रकाराची आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसचा जो सिक्सेस, म्हणजे सहा-सहा खेळाडूंचा, प्रकार खेळला जाणार आहे, आणि ज्याच्या समावेशावर ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत शिक्कामोर्तब झाले, त्याचे मैदान 70 मीटर बाय 36 मीटरचे असते. तेवढी जागा आम्हांला मिळत नाही. मात्र त्यातला एक नियम आम्ही घेतला आहे : गोल झाल्यावर पुन्हा मध्यावर जायचे नाही, ज्यांच्यावर गोल झाला त्यांनी आपल्या जाळ्यापासून लगेच चेंडू खेळात आणायचा. त्यामुळे बचावाला धावत परतण्याची सवय कोणी न सांगता लागते.

चेंडू हाती आल्यावर पाच सेकंदांत तो सोडावाच लागतो, या इंटरक्रॉसच्या नियमाने आमचा खेळ सर्वांत जास्त बदलला. एकट्यानेच चौघांना चुकवत जाणे थांबले आणि ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांना मोकळी जागा शोधणे भाग पडले. एक जण कडेला उभा राहून मोठ्याने आकडे मोजतो. ‘तीन’ ऐकताच नवखा खेळाडू घाईने चेंडू फेकून देतो; म्हणून चेंडू आपल्याकडे येण्याआधीच पुढचा पास कोणाला द्यायचा हे पाहून ठेवण्याचा वेगळा सराव आम्ही सुरू केला आहे.

तरीही छोट्या मैदानावर सामना ठरतो तो जमिनीवरच्या चेंडूने, हे माझे मत आता ठाम झाले आहे. पास चुकतात, झेल सुटतात, आणि पडलेला चेंडू आधी उचलणारा संघ दोन पासांत गोलासमोर पोहोचतो. चेंडू उचलताना थांबून स्टिकने तो वरून दाबत ओढणे ही नवख्यांची सवय असते. योग्य पद्धत अशी, की चेंडूच्या थोडे आधीच गुडघे वाकवावेत, मागचा हात जवळजवळ जमिनीपर्यंत खाली न्यावा, स्टिक आडवी ठेवून तिचे तोंड चेंडूखाली सरकवावे आणि वेग कमी न करता पुढे निघून जावे. मागचा हात वर राहिला की स्टिकचे टोक मातीत रुतते. माळव्याची काळी माती वाळली की तिला भेगा पडतात आणि भेगेच्या कडेवर आपटलेला चेंडू वाटेल तिकडे उडतो, त्यामुळे नजर शेवटपर्यंत चेंडूवरच ठेवावी लागते. आमच्यात खो-खो खेळलेल्या मुली यात सर्वांच्या पुढे आहेत, कारण वाकून धावताना दिशा बदलणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

एक बाब साहित्याची. काहींकडे विणलेल्या मऊ जाळीच्या स्टिक आहेत. पावसाळ्यात ती जाळी भिजून सैल झाली, खोलगट भाग आणखी खोल गेला, आणि नेम सरळ धरूनही चेंडू उशिरा सुटून समोरच्याच्या पायाशी आदळू लागला. अशा वेळी खेळाडूच्या हाताला दोष देऊ नये. खालची दोरी ओढून जाळी उथळ करावी, आणि वरच्या आडव्या दोऱ्या फार घट्ट असतील तर किंचित सैल कराव्यात. चेंडू पुन्हा वेळेवर सुटतो. सराव संपल्यावर जाळी सावलीत वाळवणे आता आम्ही सर्वांना सक्तीचे केले आहे.

पुढचा टप्पा गोलरक्षकाचा आहे. अधिकृत चेंडू भरीव रबराचा आणि साधारण 142 ते 149 ग्रॅम वजनाचा असतो. हेल्मेट, गळ्याचे व छातीचे संरक्षण हाती येईपर्यंत तो आमच्या मैदानावर वापरला जाणार नाही, आणि तोवर गोलरक्षकालाही मऊ चेंडूवरच पायांची हालचाल शिकवली जाईल.