तुम्ही विचारलंत म्हणून: 33चे टायर टाकले तर अ‍ॅव्हरेज किती पडेल?

अलाइनमेंटच्या पिटवर हा प्रश्न जितका विचारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. विचारणाऱ्याचं टायर टाकायचं बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. त्याला घरी सांगता येईल असा एक आकडा हवा असतो, "एखाद-दीडने पडेल" एवढा. ब्रेकबद्दल कोणी विचारत नाही. स्टेअरिंगबद्दल विचारतात, पण ते थरथरायला लागल्यावर.

आणि नाशिकमध्ये हे होणारच. थार इथल्याच कारखान्यात तयार होते, सिएटचे टायर सातपूरला बनतात, आणि पाऊस पडला की अख्खं गाव पहिने-त्र्यंबककडे निघतं. तेव्हा एकदा सविस्तर सांगून टाकतो.

डिझेल थारचा 245/75 आर 16 टायर घ्या (245 मिमी रुंदी, तिच्या 75 टक्के बाजूची उंची, 16 इंची रिम). त्याचा व्यास 774 मिमी. लोक ज्याला 33चा, म्हणजे साधारण 33 इंच व्यासाचा म्हणतात तो 285/75 आर 16, व्यास 834 मिमी. म्हणजे 60 मिमीचा, पावणेआठ टक्क्यांचा फरक. बाकी सगळं या एका आकड्यातून निघतं, म्हणून तो नीट पाहून घ्या. पहिली गोष्ट, 60 मिमी व्यास वाढला म्हणजे गाडी 60 मिमी उचलली जात नाही. एक्सलखालची जागा त्याच्या निम्मी, 30 मिमी वाढते. वर दोन इंचाचा स्पेसर लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शनवर ठोकळा घालून गाडी उंच करायचा किट, बसवला तर बॉडी वर जाते, पण मागचा डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना फेरे वाटून देणारा) होता तिथेच राहतो. दगड त्यालाच लागतो.

दुसरी गोष्ट मीटरची. चाक एक फेरा मारतं तेव्हा गाडी आता पावणेआठ टक्के जास्त पुढे जाते, आणि मीटर मात्र जुन्याच हिशोबाने मोजतो. मीटरवर 100 असताना गाडी 107-108च्या आसपास असते. कंपनीचा स्पीडोमीटर मुळात थोडा पुढे दाखवतो, म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी भरेल. मोबाइलच्या जीपीएसवर पडताळून घ्या. समृद्धी महामार्गावर 120ची मर्यादा आहे. काटा 120वर धरून तुम्ही निवांत बसलात तर मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते. किलोमीटरही कमीच नोंदले जातात. आता अ‍ॅव्हरेजचा हिशोब करा: फुल टाकी ते फुल टाकी मीटरने 400 दाखवले आणि 36 लिटर डिझेल बसलं, तर तुम्ही म्हणता 11.1. गाडी खरी चालली 431 किलोमीटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज 12 पडलं. आधी 13 मिळत असेल तर खरी घट एकाची आहे. मित्रांना सांगताना मात्र ती दोनाची होते, आणि शिव्या टायरला पडतात.

ती एकाची घटही फुकट येत नाही. नक्षी खोल आणि ठोकळे मोठे असले की प्रत्येक फेऱ्यात रबर दबतं, मुडपतं, तापतं. ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. एलटी (लाइट ट्रक) बांधणीच्या टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंतही जाड असते. शिवाय वजन. साध्या हायवे टायरपेक्षा चिखलासाठीचा मोठ्या ठोकळ्यांचा मड टायर एकेक आठ-दहा किलोने भारी निघणं नेहमीचं आहे. खात्री करायची तर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून बघा. हे वजन परिघावर असतं. तिथलं एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोसारखं वागतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. म्हणून हायवेला एका वेगात चालवणाऱ्याला घट कमी जाणवते. नाशिक शहरात द्वारका ते मुंबई नाका, सिग्नल-ब्रेक-सिग्नल करणाऱ्याला ती बरीच जास्त बसते. एकच आकडा सगळ्यांना कसा सांगणार?

तरीही एकाची घट धरा. वर्षाला 12,000 किलोमीटर चालवणाऱ्याला 77 लिटर डिझेल जास्त लागेल. चार मड टायर आणि रिमच्या बिलापुढे हे काहीच नाही. जो ते बिल भरतो तो अ‍ॅव्हरेज विचारतो, याचं मला खरंच नवल वाटतं.

आता एका गाडीचं सांगतो, कारण तिच्यात सगळंच एकत्र होतं. डिझेल थार, 285/75चे मड टायर, बाहेर निघालेले झिरो ऑफसेट रिम (हबला टेकायची जागा रिमच्या बरोबर मध्यावर, म्हणून चाक बाहेर येतं), दोन इंचाचा स्पेसर लिफ्ट. काम दुसरीकडे झालेलं. तक्रार तीन गोष्टींची: 80-90ला स्टेअरिंग थरथरतं, कसारा घाट उतरताना ब्रेक "लांब जातो" (म्हणजे गाडी उशिरा थांबते), आणि अ‍ॅव्हरेज पडलं. अर्थात सांगताना अ‍ॅव्हरेज पहिलं होतं.

पहिल्यांदा चाकं काढून रिम आतून धुतले. हसू नका. पावसाळी सहलीनंतर येणाऱ्या थरथरीच्या गाड्यांत रिमच्या आत वाळून बसलेली माती हेच कारण कितीतरी वेळा निघतं. इथे थरथर कमी झाली, गेली नाही. बॅलन्सिंगला डाव्या पुढच्या चाकाने 180 ग्रॅम मागितले. एवढी वजनं एकाच जागी चिकटवत बसायचं नसतं. हवा सोडली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला, पुन्हा बसवला, मग 70 ग्रॅमवर भागलं. हवा चारी चाकांत 38 पीएसआय होती. टायरवर आडवी खडूची रेघ मारून गाडी शंभर मीटर सरळ नेली, तर रेघ फक्त मधून पुसली गेली, दोन्ही कडा तशाच पांढऱ्या. म्हणजे एवढा रुंद टायर मधल्या पट्ट्यावरच चालत होता. 30ला आणल्यावर रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली. एलटी टायरच्या कुशीवर छापलेला कमाल हवेचा आकडा बघून हवा भरणारे आणि दरवाजाच्या पट्टीवरचा जुना आकडा भरणारे, दोघांनीही ही खडूची रेघ मारून बघावी.

मग घासण्याचा प्रश्न. बसवणाऱ्याने मालकाला सांगितलं होतं की घासत नाही, आणि सपाट फरशीवर दोन्हीकडे फुल लॉक मारून बघितलं तर खरंच घासत नव्हतं. पण गाडी फरशीवर राहत नाही. उजवं पुढचं चाक रॅम्पवर चढवलं, सस्पेन्शन दाबलं गेलं, आणि स्टेअरिंग डावीकडे फिरवल्यावर आतून करकर आवाज आला. चाक काढलं. मडगार्डच्या प्लास्टिकचा अस्तर एका जागी काचेसारखा गुळगुळीत झालेला, आणि त्यातून एका बोल्टचं टोक बाहेर आलेलं. टायर आतल्या खांद्याला फिरवून पाहिला तर पूर्ण गोलाईत चर पडलेली. बोटाचं नख बसेल एवढी खोल, आणि एका ठिकाणी तळाशी दोऱ्याची जाळी दिसत होती. बाहेरून टायर नवाकोरा! अशा टायरवर कुटुंबाला घेऊन समृद्धीने निघायचा बेत होता. काँक्रीट, उन्हाळा आणि तासन्‌तास 120चा वेग हे त्या खांद्याने किती वेळ सोसलं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. दोरा दिसला की टायर बाद. त्याला पॅच नसतो.

लिफ्टमुळे पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मचा कोन वाढला होता. वरच्या बॉल जॉइंटचं, म्हणजे आर्म चाकाला जोडणाऱ्या सांध्याचं रबर फाटून ग्रीस आर्मवर आलेलं होतं. उरलेली थरथर तिथून येत होती. बाहेर निघालेल्या रिमने त्यात भर घातली: चाक जितकं बाहेर, तितकी खड्ड्याची प्रत्येक धडक लांब तरफेने स्टेअरिंगवर आणि हब बेअरिंगवर येते. ऑफसेट बदलणं म्हणजे नुसतं दिसणं बदलणं नव्हे.

ब्रेक लांब जातो ही तक्रार मात्र गॅरेजात सुटणारी नव्हती, कारण ब्रेक ठीक होते. पॅड, डिस्क, ऑइल सगळं नीट. पण डिस्कवरचा तोच दाब आता मोठ्या त्रिज्येच्या चाकाला थांबवतो, म्हणून पायाच्या त्याच जोरात जमिनीवर ब्रेकची ताकद सात टक्के कमी पोचते. इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी. घाटात जिथे तिसरा गियर गाडी धरून ठेवायचा तिथे आता दुसरा लागतो, आणि तो न टाकणारा माणूस ब्रेक तापवत खाली येतो. ओल्या डांबरावर मड टायरची आणखी एक गोष्ट: ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. चिखलात तीच मोकळी जागा कामाला येते, पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर तीच घात करते.

चढावर उलटा भोग. चाकापर्यंत पोचणारी ओढही सात टक्के घटलेली. गंमत म्हणजे हे डॅशबोर्डवर दिसतच नाही. मीटरवरच्या 80ला इंजिनचे फेरे आधी होते तेवढेच दिसतात, कारण दोन्ही त्याच चाकाशी बांधलेले. खऱ्या 80ला मात्र जिथे 1700 होते तिथे आता 1580 असतात. या इंजिनचा पूर्ण 300 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) 1600 ते 2800 फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. म्हणजे पट्ट्याच्या आत असलेली गाडी आता त्याच्या खाली लोंबकळते, आणि मालक म्हणतो पिकअप गेला, टर्बो चेक करा.

हे सगळं त्या मालकाला गाडीखाली उभं करून, बोट लावून दाखवलं. चरही दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भाऊ, अ‍ॅव्हरेज तसं ठीकच आहे ना?" ठीकच होतं. तेवढं एक ठीक होतं.

एवढं वाचून वाटेल की मी मोठ्या टायरच्या विरोधात आहे. पूर्वी सरसकट नाहीच म्हणायचो. आता म्हणत नाही. दिंडोरी-निफाडकडे ज्याचा द्राक्षाचा प्लॉट आहे, ज्याला भर पावसात काळ्या मातीतून रोज आत-बाहेर करायचं आहे, त्याला हायवे टायर घेऊन जा म्हणणं म्हणजे ट्रॅक्टर सोबत ने म्हणण्यासारखं आहे. काळी माती साध्या नक्षीत भरते आणि चाक गुळगुळीत होतं. त्याला मड टायरच हवा. पण मड टायर हवा आणि मोठा टायर हवा, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. कंपनीच्याच मापात, कंपनीच्याच रिमवर मड टायर टाकला की वरची निम्मी भानगड मिटते. आणि रुबाबासाठी हवेत म्हणणाऱ्यालाही मी आता थेट नाही म्हणत नाही. गाडी उभी दिसते छान, हे मलाही दिसतं. फक्त "ऑफरोडला लागतात" असं सांगत जाऊ नका.

रस्ता जास्त आणि कच्चं कमी असेल तर ऑल टेरेन, म्हणजे दोन्हीकडे चालणारा मधला टायर घ्या आणि व्यास तीन टक्क्यांच्या आत ठेवा. 245/75च्या जागी 265/70 आर 16 घेतला तर व्यास 777 मिमी होतो, मीटर जवळपास जागेवर राहतो, लिफ्ट लागत नाही. 265/75 घेतला तर 804, म्हणजे चार टक्के. तिथून पुढे रॅम्पवर फुल लॉक मारून घासणं तपासल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. 285ला रिम किमान साडेसात इंच रुंद लागतो. रिमवर कोरलेला आकडा स्वतः वाचा. आणि चिखल-वाळूत अडकायची भीती असेल तर मोठ्या टायरआधी हवा काढायला शिका. 18-20वर आणलेला साधा टायर लांब पसरतो आणि बरंच काही ओढून काढतो. त्याखाली गेलात तर रिमवरून निसटायची शक्यता वाढते. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरायची, म्हणून बॅटरीला क्लिप लागणारा कंप्रेसर सोबत हवा.

कायद्याचंही एकदा बोलून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, 2019च्या सुधारणेनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. पुढे तुमची मर्जी.

आणि स्टेपनी. चार मोठे टायर घेऊन पाचवा जुनाच ठेवणारे दर आठवड्याला भेटतात. एका एक्सलवर पावणेआठ टक्क्यांच्या फरकाची दोन चाकं लागली की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो, आणि त्यात कोणी फोर-व्हीलमध्ये टाकली तर पूर्ण ड्राइव्हलाइन पिळली जाते. पाच घ्या, आणि दर 5,000 किलोमीटरला पाचही फिरवा, म्हणजे नक्षीतला फरक दोन-तीन मिमीच्या वर जाणार नाही. मागच्या दाराला लटकणारं ते चाक आता बरंच भारी असेल. दाराचे बिजागर आणि ब्रॅकेटचे बोल्ट सर्व्हिसच्या वेळी आवळायला सांगा. चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने बघायचे असतात, ते बघायला मात्र कोणी परत येत नाही.